चार बोटं कमी

आमच्या नाटक कंपनीतले चाचा कुणाच्या घरी गेले की आधी माणसांना रामराम घालत नसत, आधी खुर्ची उलटी करत. घरचा माणूस मोठ्या अगत्यानं "या, बसा" म्हणून खुर्ची पुढं सरकवायचा, आणि चाचा तिच्यावर बसायचं सोडून ती दोन्ही हातांनी उचलायचे, पालथी घालायचे, डोळे बारीक करून तिच्या पोटाखाली बघायचे, तिथं बोट फिरवायचे. मग सरळ करून जागेवर ठेवायचे आणि तेव्हा कुठं म्हणायचे, "रामराम पाटील, कसं काय?" आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावकडच्या एका खेड्यात तर घरधनीण चांगलीच भडकली. "आमच्या घरी ढेकनं नाईत बाप्पा! पाहून घ्या, सगयं घर पाहून घ्या!" असं म्हणून तिनं गाद्यासुद्धा अंगणात आणून टाकल्या. चाचांनी तिची समजूत घालता घालता तिच्या पाटाखालीही बघून घेतलं.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीमचा जिल्हा व्हायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातच मोडत होतो. पिकं घरात आली की आमची कंपनी एका खटारा ट्रकमध्ये पडदे, दिवे, कपड्यांच्या पेट्या आणि पेटी-तबला भरून गावोगाव निघे. ट्रकमध्ये सगळं असे, फक्त एक खुर्ची नसे. आणि नाटकं तर सगळी बंगलेवाल्यांची! पडदा वर गेला की वकीलसाहेबांचा दिवाणखाना दिसलाच पाहिजे. मग सोफा, टेबल, भिंतीवरचं घड्याळ, रेडिओ, फुलदाणी हे सगळं त्या त्या गावातून मागून आणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं. हे काम चाचांचं. ते मूळचे वाशीमचे, फर्निचरला पॉलिश करणारे. साठीच्या घरातले, किडकिडीत, दाढीला मेंदी, आणि अंगाला कायम चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, वास.

मी त्या कंपनीत नायिका होते. हे वाक्य आता लिहिताना मलाच हसू येतं, पण होते. सकाळी सामान मागायला चाचा मला बरोबर नेत. "बाई संगं असली म्हंजे माजघर उघडते," असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. नायिका दारात उभी आहे म्हटल्यावर घरातल्या बायका धावत बाहेर येत, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि निराश होऊन म्हणत, "एवढीशीच हाय काय वो तुमी?"

कारण माझी उंची चार फूट दहा. नाटकात ती कळत नाही असा माझा समज होता, पण कंपनीच्या मालकांचा तसा नव्हता. पाटलांच्या घरच्या खुर्च्या म्हणजे भक्कम आणि उंच. मी बसले की माझे पाय लोंबकळत. पहिल्या अंकानंतर मालक विंगेत दात-ओठ खात येत. "बाई, तुमी वकिलाची बायको हाय, झोपाळ्यावरची पोर नाई!" त्यावर चाचांनी उपाय काढला होता. मातकट रंगाच्या फडक्यात एक वीट गुंडाळून ते माझ्या पातळाच्या काठाआड ठेवून देत. खुर्ची फारच उंच असली तर दोन. एकदा रागाच्या प्रवेशात मी ताडकन उठले तेव्हा माझा पाय लागून ती वीट थेट तबलजीच्या मांडीवर गेली. त्याला वाटलं, प्रेक्षकांनी मारली.

आपलं सामान नाटकात बघायला अख्खी घरं येत. ही मजा आता कुणाला सांगून कळायची नाही. पडदा वर गेला की आमच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. "ते पाह्य, आपलं घड्याळ!" "आन् ते स्टूल शिंप्याचं!" अशी कुजबूज आधी पाच मिनिटं चाले. ती संपेपर्यंत पहिलं वाक्य बोलायचं नाही असा आमच्याकडे नियमच होता. तिसऱ्या अंकात खलनायक घर बळकावतो आणि सामान बाहेर फेकायला सांगतो, तेव्हा तर प्रेक्षकांतून आरडाओरडा व्हायचा. "हळू उचल रे लेका! माह्या सासऱ्यानं देल्लं हाय ते!" आमचा खलनायक मुळात गरीब स्वभावाचा, तो बिचारा खरंच हळू उचलायचा.

चाचा मूळचे पॉलिशवाले असल्यानं वस्तू आणली तशी परत करणं त्यांच्या जिवावर येई. खेळ झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळं सामान उन्हात मांडून बसत. कुठं सरस लाव, कुठं खुंटी ठोक, कुठं चपड्याचा हात मार. खुर्ची गेली त्यापेक्षा तरणी होऊन घरी परत यायची. ही बातमी गावोगाव पसरली आणि मग व्हायचं तेच झालं. कंपनी येणार म्हटलं की लोक चांगल्या खुर्च्या आत ठेवून मोडक्या बाहेर काढू लागले. "चाचा, ही न्या, ही लय चांगली दिसते," असं म्हणून तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकवून दाखवत. चाचांना सगळं कळे. तरीही ते ती उचलत.

त्याची शिक्षा मी किन्हीराजा या गावी भोगली. "या घरात आता मी एक क्षणही उभी राहणार नाही!" असं म्हणून मला दाराकडे वळायचं होतं. वळण्याआधी मी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला, तिचा मागचा पाय निसटला आणि खुर्चीसकट मी खाली.  मग तिसऱ्या ओळीतून खुर्चीचा मालक आनंदानं उभा राहून ओरडला, "चाचा, तोच पाय! तोच! त्याच्यासाठीच देल्ली होती!"

मालकांनी त्या दिवशी चाचांना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "ही नाटक कंपनी हाय का खुर्च्यायचा दवाखाना?"

चाचा शांतपणे सरस ढवळत म्हणाले, "मालक, आपल्या नाटकानं आजवर कोन सुधारलं? खुर्ची तरी सुधरून जाऊ द्या."

स्वभावानं ते असे मऊ, पण एका बाबतीत फार कडक. सामान सगळ्या गल्ल्यांमधून आणायचं आणि ते सगळं एकत्र मांडायचं. एका गावात, नाव सांगत नाही, आम्ही विहारामागच्या वस्तीतल्या बौद्ध मास्तरांचं टेबल आणलं होतं. मास्तरांनी ते नवंकोरं घेतलेलं, वर काच. दिवाणखान्यात ते एका बड्या घरच्या कपाटाशेजारी लागलं. कपाटाचे धनी मंडपात आले, बघितलं आणि घसा खाकरून म्हणाले, "ते टेबल जरा तिकडं सरकवा. आमच्या कपाटाजवय नको."

"काहून?" चाचांनी विचारलं.

"काहून म्हंजे? तुमाले मालूम नाई काय कोनाचं हाय ते?"

 चाचांनी दोन माणसं बोलावली आणि दहा मिनिटांत ते कपाट धन्याच्या दारात पोचतं केलं. दिवस मावळायच्या आत तेच कपाट बैलगाडीत बसून परत आलं. गाडीमागं धन्याची बायको चालत होती. "ठेवा त्या टेबलाजवय," ती म्हणाली, "आन् त्याच्या दाराचा कब्जा करकर वाजते, तेवढा पाहून घ्या." चाचांनी ती बिजागरी बघितली. त्याआधी कपाटाच्या खाली बघितलं, हे सांगायला नकोच.

आणखी एक विचित्रपणा सांगायचा राहिला. चाचा फर्निचरचं सगळं करत, पण करवतीला हात लावत नसत. टेबल डुगडुगत असलं तर कुणीही पाय जरासा कापेल. चाचा त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवत. अगदीच कापायची वेळ आली तर गावातल्या सुताराला बोलावून आणत आणि तो कापेपर्यंत पाठमोरे उभे राहत. मापाचंही तसंच. पडदे रंगवणाऱ्यानं "चाचा, दार किती फूट ठेवू?" असं विचारलं की चाचा चहाला निघून जात. "माप मले नका इचारू. माह्या हाताले माप समजत नाई." आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली. तबलजी म्हणायचा, यांनी तरुणपणी कुणाचं तरी बोट कापलं असणार. मी म्हणायची, नाही, निकाहाच्या शेरवानीचं माप चुकलं असणार. चाचा आमच्याबरोबर हसायचे. आज आठवलं की आपल्या जिभेची लाज वाटते.

अनसिंगला आमची कंपनी त्याआधी कधी गेली नव्हती. पोचलो त्याच सकाळी चाचा आणि मी सामान मागायला निघालो. एका घराच्या ओसरीवर पिकल्या केसांची, ठेंगणी, ठसठशीत बांध्याची एक बाई तुरीची डाळ निवडत बसली होती. खुर्चीत बसली होती, पण खुर्ची बुटकी. सूप मांडीवर, दोन्ही पाय जमिनीवर सपाट. चाचा रस्त्यातच थांबले. मग एक शब्द न बोलता पुढं गेले आणि त्या बाईसमोर मातीत चक्क मांडी घालून बसले. मान वाकडी करून खुर्चीखाली बघू लागले.

"काय पाह्यता हो बुढेबाबा?" बाईनं विचारलं. "कोंबडी गेली काय खाली?"

"बाई, जरा उठता काय?"

"कायले?"

"खुर्ची पाहाची हाय."

"मंग पाहा ना. मी काय झाकून ठेवली हाय?"

"खालून पाहाची हाय."

बाईनं सूप बाजूला ठेवलं. "या खुर्चीतून मले माह्या सासऱ्यानं नाई उठवलं. तुमी कोन उठवनारे?"

मी पुढं झाले, नाटकाचं सांगितलं, नायिका असल्याचं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पण उठली नाही. चाचांकडे बघते तर ते अजून मातीत बसून खुर्चीखालीच बघत होते. मी त्यांना धरून समोरच्या कडुनिंबाखाली नेलं, तांब्याभर पाणी पाजलं आणि म्हटलं, "चाचा, काय आहे हे? आज सांगितल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

तेव्हा ते बोलले. त्यांचे वडील सुतार होते. वाशीमच्या आसपासच्या खेड्यांतून ऑर्डरी घेऊन खुर्च्या, पलंग, पाळणे करायचे. प्रत्येक वस्तूच्या पोटाशी पटाशीनं तीन बारीक खाचा मारायचे, ती त्यांची निशाणी. चाचा एकोणीस वर्षांचे झाले तेव्हा वडिलांनी त्यांना पहिल्यांदा अख्खी खुर्ची एकट्यानं करायला दिली. चाचांनी जीव ओतून केली. तीन खाचांपुढं चौथी, स्वतःची खाच मारली. मग पाय जोडले, खुर्ची उभी केली, आणि बघतात तर बुटकी. पायांचं माप घेताना वरचा जो भाग चौकटीच्या आत बसतो, तो धरायचाच राहून गेला होता. चारी पाय चार चार बोटं कमी.

"अब्बा काई बोलले नाई," चाचा म्हणाले. "शिवी नाई, थप्पड नाई. खुर्ची गाडीत टाकली आन् एकटेच घेऊन गेले. सांजीले आले तं म्हने, आवडली त्याइले, ठेवून घेतली. बेटा, अशी खुर्ची कोन ठेवून घेते? माह्या दिलाले लागू नये म्हनून अब्बा झूट बोलले. कोन्या गावाले देल्ली ते इचाराची बी मले शरम वाटली. आन् पुढच्या पावसाळ्यात अब्बा गेले. तवापासून करवत सोडली. मले फक्त एवढंच पाहाचं हाय का ते खुर्ची जित्ती हाय का कोनं चुलीत घातली."

चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या खुर्च्या उलट्या करत होता, ते यासाठी. मला एकदम शेरवानीची थट्टा आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं.

मी परत ओसरीवर गेले आणि त्या काकूंना हात जोडले. कारण सांगितलं नाही, नुसतंच म्हटलं, ही खुर्ची आम्हाला एका दिवसासाठी हवीच आहे. काकूंनी विचार केला. "खुर्ची येईन तं माह्यासंगं येईन," त्या म्हणाल्या. "मी तिले एकटी नाई सोडत."

दुपारी बैलगाडी मंडपाशी आली. गाडीत खुर्ची, खुर्चीत काकू, आणि मागं अर्ध्या गल्लीची पोरं. काकू उतरल्या, रंगमंचावर चढल्या, पडदे-दिवे सगळं डोळे भरून बघितलं आणि मग उभ्या राहूनच मला म्हणाल्या, "घे बाई, तू बसून पाह्य." चाचांनी मात्र मला बसू दिलं नाही. त्यांनी खुर्ची उचलली. इतक्या खुर्च्या मी त्यांना उलट्या करताना बघितल्या, पण इतक्या हळू कधी नाही. त्यांचं बोट चौकटीच्या आतल्या बाजूनं फिरलं. एक, दोन, तीन. मग थोडं अंतर सोडून, जरा तिरकी, चौथी.

"ही खुर्ची तुमच्याकडं कशी आली?" चाचा त्या खाचांवरून बोट उचलेनात, म्हणून मी विचारलं.

काकूंना सांगायचा कंटाळा नव्हता. "मी या घरात नवी नवरी होती. तवा बायका खालीच बसत, अन् सासऱ्यासमोर तं भिंतीआड. सासऱ्यानं सोतासाठी खुर्ची सांगतली होती. सुतार घेऊन आला. सासरा बसला तं गुडघे छातीले लागले! असा भडकला, म्हने, हे खुर्ची हाय का पाट? पन तो सुतार काई घाबरला नाई. म्हने, पाटील, माप नाई चुकलं, मानूस चुकला. ज्याच्यासाठी हे बनली ते मानूस घरात हाय का पाहा. मी पान्याचा गडवा घेऊन दारात उभी. मले म्हने, ये लेकी, बस. मी कशी बसू बाप्पा? तं सासराच तावातावानं म्हने, बस वो, पाहू दे याची अक्कल! मी बसली. सुतार खाली वाकला, माह्या पायाकडं पाह्यलं आन् म्हने, पाय टेकले काय? म्हनलं, टेकले."

"मग?"

"मंग सासराच हासत सुटला. म्हने, ठेव, तुलेच ठेव. त्या घरात खुर्चीवर बसनारी मी पयली बाई. लोक पाहाले येत! आन् सुताराले मी मंग हळूच पुसलं, कोनं बनवली एवढी चांगली? तं छाती काढून म्हने, माह्या पोरानं. पयलीच हाय त्याची. हात चांगला हाय पोराचा."

चाचा रंगमंचाच्या कडेला बसले. पाय खाली सोडून, लहान मुलासारखे.   मग चाचांनी तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाले, "अब्बा खरं बोलले होते."

काकूंना काही समजेना. "कोन अब्बा?" असं त्या मला दोनदा विचारत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी चाचांच्या पाठीवर असा एक धपाटा घातला की तो मंडपात घुमला. "मंग इतके वर्ष कुठी होता रे बाबा? तुह्या खुर्चीवर बसून मी चार लेकरं मोठी केली!"

त्या दिवशीच्या खेळाला मी त्या खुर्चीत बसले. विटेची गरज पडली नाही. काकू पहिल्या ओळीत जमिनीवर बसून माझ्या पायांकडेच बघत होत्या. दुसऱ्या दिवशी चाचांनी सगळ्या गावाच्या खुर्च्या चकचकीत केल्या, ती एकटी सोडून. तिच्यावरून नुसतं कोरडं फडकं फिरवलं. मी विचारलं तर म्हणाले, "बाईनं चाळीस साल बसून केलेलं पॉलिश हाय ते. त्याच्यावर मी काय करू?"

पुढचा मुक्काम रिठदला होता. सकाळी नेहमीप्रमाणे मी तयार होऊन बसले, पण चाचा मला न घेताच निघून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खुर्ची नव्हती, गावच्या सुताराकडून मागून आणलेली करवत होती, आणि खांद्यावर सागाच्या चार फळ्या. तीन दिवस ते मंडपामागं बसून काम करत होते. पहिल्या दिवशी करवत लाकडावर ठेवून ते नुसतेच बसून राहिले होते, हे तबलजीनं बघितलं. त्यानं थट्टा केली नाही, फळीचं दुसरं टोक धरून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. समोर खुर्ची होती. साधी, सरळ पाठीची, आणि चार बोटं बुटकी. मालकही बघायला आले होते. "चाचा, कंपनीची पयलीच सोताची खुर्ची, आन् तेबी आखूड?"

"कंपनीची नाई," चाचा म्हणाले. "बस बेटा."

मी बसले. ते गुडघ्यावर वाकले आणि त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"पाय टेकले काय?"

ती खुर्ची त्यानंतर माझ्याबरोबर चार मोसम फिरली, मग माझ्या सासरी आली, मग अकोल्याच्या या घरात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती उलटी करून खालच्या चार खाचा दाखवते. चौथी थोड्या अंतरावर आहे, पण आता तिरकी नाही. चाचा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझे गुडघे आता कुरकुरतात, बाकीच्या खुर्च्यांमध्ये मला अजून नीट बसता येत नाही, आणि हे सगळं मी तिच्यातच बसून लिहिते आहे. चाचा, टेकले आहेत.